विश्लेषण : सिग्नल तुटला म्हणजे ड्रोन हरवला असे नाही, मग तो सापडत का नाही?

बुलढाणा जिल्ह्यात ड्रोन आता नवलाई राहिलेला नाही. गावठाणांची मोजणी त्याने झाली, लग्नाच्या वरातीवर तो घिरट्या घालतो, कपाशी-सोयाबीनवर फवारणीही करतो. त्यातलाच एखादा उडता उडता रिमोटच्या पडद्यावरून नाहीसा होतो. चित्र गोठते, ‘सिग्नल नाही’ असा संदेश येतो आणि चालवणारा ज्या दिशेला ड्रोन शेवटचा दिसला त्या दिशेने पळत सुटतो. ही पहिली चूक. अशा वेळी ड्रोन बहुधा ठरवून दिलेल्या पद्धतीने काहीतरी करत असतो. तो नेमके काय करत असेल, हे ओळखणे म्हणजेच शोध.

संपर्क तुटतो म्हणजे काय होते?

रिमोट आणि ड्रोन यांच्यातला संवाद रेडिओलहरींवर चालतो. सर्वसाधारण कॅमेरा ड्रोनमध्ये त्या २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या असतात. या लहरी सरळ रेषेत जातात, टेकडीला वळसा घालून येत नाहीत. खोक्यावर लिहिलेली आठ-दहा किलोमीटरची रेंज ही मोकळ्या मैदानातली, मध्ये काहीही आडवे नसतानाची असते. ड्रोन टेकडीआड गेला, फार खाली उतरला किंवा दाट झाडीमागे गेला की काही शे मीटरवरही संपर्क तुटू शकतो.

बुलढाण्यात हे लवकर घडते, कारण जिल्हाच दोन मजली आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या वळणांवर उभे राहून चित्रीकरण करणाऱ्याचा ड्रोन एका सोंडेमागे गेला की रिमोटला तो दिसतच नाही. लोणारच्या विवराचेही तसेच. कड्यापासून सरोवराचे पाणी सुमारे १३७ मीटर खोल आहे. कड्यावरून थोडे मागे उभे राहून ड्रोन आत उतरवला, तर विवराची कडाच मध्ये येते.

संपर्क तुटल्यावर ड्रोनने काय करायचे, हे आधीच ठरवलेले असते. तीन पर्याय असतात : आहे तिथेच तरंगत राहणे, आहे तिथेच उतरणे किंवा उडाला त्या जागी परत येणे. परत येण्याच्या सोयीला ‘रिटर्न टू होम’ म्हणतात. बहुतेक कॅमेरा ड्रोनमध्ये हीच सोय सुरू असते. ड्रोन ठरावीक उंची गाठतो आणि सरळ रेषेत घराकडे निघतो.

यात एक मेख आहे, आणि डोंगराळ भागात तीच महागात पडते. ही उंची ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून नाही, तर जिथून उडाला त्या जागेपासून मोजली जाते. घाटाच्या पायथ्यापासून ड्रोन उडवला, परतीची उंची ५० मीटर ठेवली आणि परतीच्या वाटेत ८० मीटरची टेकडी असेल, तर ड्रोन इमानदारीने जाऊन त्या टेकडीला धडकतो. काही ड्रोनना समोरचा अडथळा ओळखणारे सेन्सर असतात. पण अंधारात आणि विजेच्या बारीक तारांपुढे त्यांचा भरवसा धरता येत नाही.

दुसरी मेख ‘घरा’चीच. उपग्रहांचा पुरेसा सिग्नल मिळायच्या आतच उड्डाण केले, तर ड्रोनला घर कुठे हेच नीट ठाऊक नसते. गाडीच्या बॉनेटवरून किंवा लोखंडी सळ्या असलेल्या पुलावरून उडवल्यास होकायंत्रही बिघडते. मग तो परत येतो खरा, पण भलत्याच दिशेला.

पहिली दहा मिनिटे

म्हणून पडदा गोठला की जागेवरच थांबायचे. रिमोट बंद करायचा नाही, तो उंच धरायचा. ड्रोन परतीला निघाला असेल तर टेकडीच्या आडोशातून वर येताच संपर्क आपोआप जुळतो. कान द्यायचा. शांत रानात पंख्यांचा आवाज बऱ्याच लांबून येतो.

तेवढ्या वेळात तो आला नाही, तर पुढची जागा मोबाइल. ड्रोनच्या ॲपमध्ये उड्डाणाची नोंद साठत असते : ठिकाण, उंची, वेग, दिशा, बॅटरी, कधी वाऱ्याचा अंदाजही. ‘ड्रोन शोधा’ अशी सोय उघडली की शेवटचे ठिकाण नकाशावर दिसते. त्याचा लगेच स्क्रीनशॉट काढावा. घाबरून ॲप काढून पुन्हा टाकणारे लोक स्वतःच्या हाताने पुरावा पुसून टाकतात. ड्रोनची बॅटरी शिल्लक असेल आणि माणूस जवळ पोहोचला, तर याच सोयीतून ड्रोनला आवाज करायला किंवा दिवा लुकलुकवायला सांगता येते. म्हणून चालत जाताना रिमोट सुरूच हवा.

अक्षांश-रेखांश फोनवरून कुणाला सांगताना घोटाळा होतो, तो इथे सांगायलाच हवा. २०.३० अंश आणि २० अंश ३० मिनिटे हे एकच नव्हे. दुसरा आकडा म्हणजे २०.५० अंश. दोन्हींत सुमारे २२ किलोमीटरचा फरक पडतो, म्हणजे शोधणारे थेट दुसऱ्या तालुक्यात. दशांश चिन्हानंतरचे किमान पाच आकडे सांगावेत. चौथ्या आकड्यातल्या एकाच्या फरकाने सुमारे ११ मीटर हुकतात, पाचव्यातल्या एकाच्या फरकाने सुमारे एक मीटर.

पडला, परतला की वाहून गेला?

नकाशावरचा शेवटचा ठिपका म्हणजे ड्रोन पडलेली जागा, असे धरून चालणे ही दुसरी मोठी चूक. तो ठिपका फक्त शेवटचा संपर्क कुठे झाला ते सांगतो. त्यानंतर काय झाले, ते नोंदीतल्या शेवटच्या काही ओळींवरून ताडावे लागते.

उंचीचे आकडे शेवटच्या दोन-तीन सेकंदांत झपाट्याने घसरत असतील, तर ड्रोन कोसळला. नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडता येते. तेवढ्या उंचीवरून वस्तू सुमारे पाच सेकंदांत जमिनीवर येते. वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर ती फार तर ५० मीटर पुढे जाईल. म्हणजे शोधायची जागा एखाद-दुसऱ्या शेतापुरती.

उंची स्थिर होती, बॅटरी ६० टक्के होती आणि मध्येच नोंद थांबली, तर गोष्ट वेगळी. ड्रोन धडधाकट होता, फक्त बोलणे थांबले. अशा वेळी शेवटच्या ठिपक्यापासून उड्डाणाच्या जागेपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढावी आणि तिच्यावर परतीच्या उंचीपेक्षा उंच काय आहे ते पाहावे : टेकडीची सोंड, मोबाइलचा टॉवर, उच्चदाबाच्या तारा. शोध तिथून सुरू करायचा. ठिपक्यापाशी दोन दिवस फिरणाऱ्यांचा ड्रोन दुसऱ्याच टेकडीच्या उतारावर पडलेला असू शकतो.

बॅटरी दहा-बारा टक्क्यांवर असेल, तर बहुतेक ड्रोन उरलेल्या शक्तीत आहे तिथेच किंवा घराच्या वाटेवर कुठेतरी स्वतःहून उतरतात. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण ड्रोन मोडलेला नसतो.

सर्वांत अवघड चौथा प्रकार. रिमोटचा आणि उपग्रहांचा, दोन्ही संपर्क गेले की ड्रोनला जागा धरून ठेवता येत नाही आणि तो वाऱ्याबरोबर सरकतो. वारा ताशी १५ किलोमीटर असेल, तर पाच मिनिटांत तो सव्वा किलोमीटर जातो. जमिनीवर पान हलत नसतानाही १०० मीटर उंचीवर चांगला वारा असू शकतो. उपग्रह नसताना जागा धरायला ड्रोन खालच्या दिशेचा कॅमेरा वापरतो. पण पाणी किंवा एकसारखे हिरवे पीक यावर त्या कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडत नाही. नासाच्या ‘इन्जेन्युइटी’ या मंगळावरच्या हेलिकॉप्टरलाही हीच अडचण नडली. १८ जानेवारी २०२४ रोजी त्याच्या ७२व्या उड्डाणात खालच्या सपाट वाळूवर कॅमेऱ्याला पुरेशा खुणा मिळाल्या नाहीत आणि उतरताना त्याची पाती मोडली.

शेवटच्या ठिपक्यावरून शोध कसा लावावा, याचे भारतीयांना जवळचे उदाहरण चंद्रावरचे आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा संपर्क चंद्रापासून २.१ किलोमीटर उंचीवर तुटला. पुढे नासाने त्या भागाची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन या अभियंत्याने आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून नजरेने तपासली आणि त्याला एक नवा पांढरा ठिपका दिसला. नासाने डिसेंबर २०१९ मध्ये तो विक्रमचाच अवशेष असल्याचे मान्य केले. मुख्य आघाताच्या जागेपासून तो सुमारे ७५० मीटरवर होता. त्याच्याकडे भारी यंत्रणा नव्हती. कुठे बघायचे ते ठरलेले होते आणि फरक ओळखण्याची चिकाटी होती. मित्राचा दुसरा ड्रोन आणून त्याच शिवारावरून ओळीने छायाचित्रे काढणे आणि ती घरी मोठ्या पडद्यावर सावकाश पाहणे हे त्याच जातीचे काम आहे. उडता उडता मोबाइलच्या पडद्यावर शोधण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

ट्रॅकर लावला की प्रश्न मिटला?

जाहिराती तसे सांगतात. सिमकार्डवर चालणाऱ्या ट्रॅकरला मोबाइलचे नेटवर्क लागते आणि ड्रोन हरवण्याच्या जागा नेमक्या नेटवर्क नसण्याच्याही असतात. चावीला लावतात तसल्या ब्लूटूथ टॅगजवळून कुणाचा तरी मोबाइल जावा लागतो. बाजारपेठेत तो उपयोगी. ज्ञानगंगेच्या दरीत नाही.

याच जिल्ह्याने शोधयंत्रणेचा उत्तम नमुनाही पाहिला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला टी१सी१ हा वाघ, पुढे ‘वॉकर’ म्हणून गाजलेला, डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याची वाट कळत राहिली ती गळ्यातल्या कॉलरमुळे. कॉलरला स्वतःची बॅटरी होती आणि ठिकाण उपग्रहामार्फत पाठवले जात होते. ड्रोनसाठीही कसोटी तीच : मुख्य बॅटरी गेल्यावरही शोधयंत्र चालते का आणि त्याला मोबाइल टॉवर लागतो का. या कसोटीवर स्वतःची छोटी बॅटरी असलेला, ड्रोन पडला की पिकपिक वाजणारा साधा बझर महागड्या ट्रॅकरपेक्षा अनेकदा सरस ठरतो.

शेवटचे शंभर मीटर शेतकऱ्याचे

नकाशा शेतापर्यंत नेतो. पुढे शेताची माहिती असलेला माणूस लागतो. कपाशीची बोंडे फुटलेली असताना त्यात पडलेला पांढरा ड्रोन दहा पावलांवरूनही दिसत नाही. तूर फुलोऱ्यावर आली की माणूसच तिच्यात हरवतो. अशा पिकात आडवे न जाता तासातून चालावे, म्हणजे पीकही मोडत नाही आणि एकही ओळ सुटत नाही. पण त्याआधी शेतमालकाला विचारावे. कोणत्या धुऱ्यावर बाभळी आहेत, विहीर कुठे आहे, काल कोण कामाला होते, हे त्याला माहीत असते. पऱ्हाटी वेचणाऱ्या बायांनी ड्रोन आधीच पाहिलेला असणेही अगदी शक्य आहे.

रात्री शोधायला जाणे टाळावे, हा सल्ला शिष्टाचारापुरता नाही. कितीतरी शेतांतल्या विहिरींना कठडा नाही. मोबाइलच्या नकाशावर नजर ठेवून अंधारात तुरीतून चालणारा माणूस पुढचे पाऊल कुठे टाकतो ते पाहत नसतो. त्यात घोणस आणि नाग. ड्रोन लाखभराचा असेल; त्यासाठी विहिरीत उतरण्यासारखे त्यात काही नाही. अंधाराचा फायदा एकच : ड्रोनचा दिवा सुरू असेल तर तो दिसतो. तो रस्त्यावरून किंवा टेकडीच्या माथ्यावरून पाहावा, दिशा टिपून ठेवावी आणि सकाळी जावे.

ड्रोन विजेच्या तारांवर अडकला असेल, तर बांबूने काढायचा नाही, महावितरणला कळवायचे. अभयारण्यात पडला असेल, तर वनविभागाच्या परवानगीशिवाय आत जायचे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ते गुन्ह्याचे काम आहेच. शिवाय ज्ञानगंगा अस्वलांचे आणि बिबट्यांचे रान आहे. लोणारचा परिसरही अभयारण्यात येतो, हे तिथे हौसेने ड्रोन नेणारे विसरतात. उन्हाळ्यात आणखी एक धोका. चेचलेली लिथियम बॅटरी काही वेळाने पेट घेऊ शकते. वाळलेल्या गवतात पडलेला ड्रोन शोधणे हे त्या रानासाठीही गरजेचे असते. म्हणून दंडाच्या भीतीने गप्प बसण्यापेक्षा वनरक्षकाला ताबडतोब सांगितलेले बरे.

गावाला आधी कळवणे का आवश्यक?

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-शिरूर पट्ट्यात आणि मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने गावे जागी होती. चोर ड्रोनने टेहळणी करतात, या समजातून तरुण गस्त घालत होते. अशा वातावरणात अनोळखी चार पोरे रात्री बॅटऱ्या घेऊन शिवारात ‘ड्रोन शोधतोय’ म्हणाली, तर त्याचा अर्थ काय लावला जाईल? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवण्याच्या अफवेवरून डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. अफवेला किती कमी निमित्त पुरते, ते तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. म्हणून दिवसा जावे, आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटावे, नाव-गाव सांगावे, उड्डाणाची नोंद दाखवावी. पीक तुडवले गेले तर भरपाई न मागता द्यावी.

सापडणाऱ्यालाही नियम आहेत. सापडलेली वस्तू सांभाळण्याची जबाबदारी भारतीय करार कायदा १८७२ त्याच्यावर टाकतो. त्याच वेळी ती सांभाळायला आणि मालक शोधायला झालेल्या खर्चापोटी वस्तू अडवून ठेवण्याचा हक्कही देतो. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल, तर ते मागता येते. मालक कोण हे ठाऊक असूनही वस्तू गिळंकृत करणे मात्र फौजदारी गुन्हा ठरतो.

खरी गाठ नोंदणीची

इथवर सगळे तंत्राचे आणि माणुसकीचे. अडते ते कागदावर. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेल्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. अपघात झाल्यास चालकाने ४८ तासांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला ऑनलाइन कळवायचे असते. ड्रोन कायमचा हरवला, तर ‘डी-३’ अर्ज भरून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला त्रयस्थांच्या नुकसानीचा विमाही लागतो. लग्नाचे चित्रीकरण हा व्यवसाय असल्याने तिथे असा ड्रोन वापरणाऱ्याकडे पायलटचे प्रमाणपत्र हवे.

हे सारे ज्याच्याकडे आहे, तो हरवलेल्या ड्रोनची तक्रार उजळ माथ्याने देऊ शकतो. ज्याच्याकडे नाही, तो देत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तरी असे ड्रोन हातोहात विकले जाताना दिसतात. अशा ड्रोनचा मालक पोलिसांकडे जात नाही आणि गावात विचारायलाही कचरतो. ज्याच्या शेतात ड्रोन पडला, तो शेतकरीही नसती भानगड नको म्हणून तो उचलून गोठ्यात टाकतो. दोघे एकमेकांपासून दोन किलोमीटरवर राहतात आणि दोघेही गप्प. ड्रोन न सापडण्याचे हे कारण कोणत्याही सेन्सरने दूर होणारे नाही. नोंदणी सोपी करून भागत नाही. हरवलेल्या आणि सापडलेल्या ड्रोनची माहिती, पहिल्याच दिवशी दंडाची भाषा न करता, घेणारी जागा प्रत्येक पोलीस ठाण्यात हवी. आज सापडलेला मोबाइल कुठे द्यायचा ते गावातल्या पोराला कळते. ड्रोनचे तसे नाही.

फवारणीच्या ड्रोनबाबत हे अधिक निकडीचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना ड्रोनसाठी किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत मदत आहे; उरलेली रक्कम कर्जाने उभी करता येते. म्हणजे ड्रोन गेला तरी हप्ता राहतो. हा ड्रोन पिकावरून दोन-तीन मीटर उंचीवरच उडतो, त्यामुळे तो फार लांब जात नाही. तो अडकतो बांधावरच्या बाभळीत, तारेत किंवा उंच तुरीत. मात्र त्याच्या टाकीत दहा लिटरपर्यंत कीटकनाशक असते. असा ड्रोन पडला की त्याच्याकडे धावण्याआधी हातमोजे आणि मास्क घालावा, गुरे आणि मुले लांब ठेवावीत, गळती विहिरीच्या किंवा नाल्याच्या दिशेने जात नाही ना ते पाहावे. टाकीत कोणते औषध होते, ते शेतमालकाला नावासकट सांगावे. त्याची बाटली धुऱ्यावरच ठेवलेली असते. तिचा फोटो काढून त्याच्या मोबाइलवर पाठवायला एक मिनिट लागते.

आणि ड्रोन छोटा असो की मोठा, त्याच्या पोटावर ओळख क्रमांकाशेजारी मराठीत ‘सापडल्यास कळवा’ एवढे दोन शब्द आणि मोबाइल नंबर लिहिलेला कागद पारदर्शक टेपने चिकटवता येतो. त्याला बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही आणि पऱ्हाटी वेचणाऱ्या बाईला तो वाचता येतो.